मावेल तेवढं पीठ

तुर्की घरगुती पाककृतींत साहित्याच्या यादीत पिठापुढे पुष्कळदा आकडाच नसतो. तिथे लिहिलेलं असतं 'आल्दिइ कादार उन'. म्हणजे 'घेईल तेवढं पीठ'. आता आपली कोथिंबीर वडी किंवा भोपळ्याचे घारगे आठवा. 'त्यात मावेल तेवढं पीठ घाला.' शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

इटालियन पाककृतींत मीठ, मिरपूड, ऑलिव्ह तेल यांच्यापुढे 'क्यू. बी.' अशी दोन अक्षरं दिसतात. 'क्वांतो बास्ता', पुरेल तेवढं. कोरियन भाषेत तर एक सुंदर शब्द आहे, 'सोनमात'. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. एकाच साहित्यातून दोन बायका तीच भाजी करतात आणि एकीची जास्त चांगली होते, त्याचं कारण सोनमात. आपण म्हणतो, 'तिच्या हाताला चव आहे.'

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रिक्वायरमेंटच्या कागदावर कुणी 'पुरेल तेवढं' असं लिहून पाठवलं, तर आम्ही तो कागद परत पाठवतो. गेली काही वर्षं रविवारी फ्लॅटवर निरनिराळ्या देशांतले घरगुती पदार्थ करून बघायचा नाद लागला आहे. त्यातून हा प्रश्न डोक्यात बसला. जगभरच्या स्वयंपाकघरांत आकडे नव्हते आणि तरी शेकडो वर्षं जेवण होत होतं. मग आकडे आले कधी? त्याही आधी, घरातला रोजचा स्वयंपाक कागदावर उतरवायची गरज कुणाला आणि का पडली?

राजवाड्यांचं वेगळं. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात जेवणावर अख्खं प्रकरण आहे. राजाच्या मुदपाकखान्याची नोंद ठेवायला लेखक असतात. घरच्या आमटीची नोंद कोण ठेवणार? जी शिकवते ती आणि जी शिकते ती, दोघी एकाच चुलीपाशी बसलेल्या असतात. 'आता बघ, एवढं घट्ट,' असं म्हटलं की काम झालं.

वाचत गेलो तसं एक सूत्र सापडत गेलं. घरचा पदार्थ कागदावर उतरतो तेव्हा त्या दोघींपैकी एक चुलीपाशी नसते. लग्न होऊन गेलेली असते, कारखान्यात गेलेली असते, परदेशी असते, किंवा पुन्हा कधीच भेटणार नसते. घरगुती पाककृती हे बहुतेक वेळा समोर नसलेल्या माणसाला लिहिलेलं पत्र असतं.

लेकींनी नक्कल करावी

कोरियात १६७० च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग नावाच्या बाईंनी एक वही लिहिली. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिथल्या विद्वान पुरुषांचं लिखाण चिनी लिपीत चाले. जांगबाईंनी मात्र हंगुल या कोरियन लिपीत लिहिलं, कारण घरातल्या बायकांना ती वाचता येत होती. वहीचं नाव 'उम्शिक दिमीबांग'. कोरियन बाईने हंगुलमध्ये लिहिलेलं हे सर्वांत जुनं पाकपुस्तक मानलं जातं.

त्यात १४६ कृती आहेत. शेवया, मोमोसारखी पुरणं भरलेली मांदू, मासे, मांस, भाज्या, व्हिनेगर. यातल्या पन्नासेक कृती फक्त मद्याच्या आहेत. पाहुण्यांना आणि पितरांना मद्य लागे, आणि ते घरीच गाळायचं असे.

वहीच्या शेवटी बाईंनी एक सूचना लिहून ठेवली आहे. तिचा आशय असा, की इतकं कमी दिसत असताना मी हे लिहिलं आहे, याची कदर ठेवा. लेकींनी हवी तर नक्कल करून न्यावी, पण मूळ वही सासरी न्यायची नाही, आणि ती खराब होऊ द्यायची नाही.

सासर-माहेर हे शब्द ज्या भाषेत आहेत, तिच्या वाचकाला ही सूचना समजावून सांगावी लागत नाही. मुलगी जाणार हे ठरलेलं आहे. आपण तिच्यामागे जाऊ शकणार नाही. चव जाऊ शकते, निदान तिची नक्कल तरी.

या वहीत आणखी एक गंमत आहे. आज आपण कोरियन जेवण म्हटलं की लालभडक किमची डोळ्यांपुढे आणतो. उम्शिक दिमीबांगमध्ये मिरची नाही. तिखटपणासाठी मिरे आहेत, आलं आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली, ती कोरियात पोहोचून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. हसण्याआधी हेही लक्षात घ्या, की आपल्याकडेही मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. ठेचा त्यानंतरचा. तेव्हा 'पारंपरिक' म्हणजे 'फार प्राचीन' असं नव्हे. कुणीतरी कुणालातरी शिकवलेलं, एवढाच त्याचा खात्रीचा अर्थ.

सपाट चमचा

आकड्यांची गोष्ट इंग्लंड-अमेरिकेत घडली. १८४५ साली लंडनमध्ये एलायझा अ‍ॅक्टन या कवयित्रीने 'मॉडर्न कुकरी फॉर प्रायव्हेट फॅमिलीज' हे पुस्तक काढलं. प्रत्येक कृतीच्या शेवटी तिने साहित्य, त्याचं प्रमाण आणि लागणारा वेळ वेगळा काढून दिला. आज फोनवर जी साहित्याची यादी आपण वर सरकवून बघतो, तिची ही पणजी. फक्त तेव्हा ती शेवटी असे.

पुढचं पाऊल १८९६ मधलं. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या प्राचार्य फॅनी फार्मर यांनी शाळेचं पाकपुस्तक तयार केलं. प्रकाशकाला त्यावर भरवसा नव्हता. पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च फार्मरबाईंनी स्वतः सोसला. त्यांचा आग्रह एकच होता: कप म्हणजे ठरावीक मापाचा कप, आणि चमचा म्हणजे वरून सुरी फिरवून सपाट केलेला चमचा. शीग लावलेला नाही, 'लोण्याचा अक्रोडाएवढा गोळा' नाही.

मापाची गोष्ट आली म्हणून मला फार्मरबाई आवडायला हव्यात, आणि आवडतातच. पण ती मापं कुणासाठी होती हे पाहण्यासारखं आहे. शहरं वाढत होती. मुली गावाकडून, काही तर थेट समुद्रापलीकडून, या शहरांत येत होत्या. कुणी कारखान्यात, कुणी दुसऱ्याच्या घरी कामाला. त्यांच्या शेजारी उभं राहून 'एवढं घट्ट' म्हणणारं कुणी नव्हतं. सपाट चमचा त्या मोकळ्या जागी आला.

आपल्याकडेही साधारण याच काळात, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' निघालं. नावातच 'मित्र' आहे. सासू किंवा आई जवळ नाही, निदान मित्र तरी असावा.

पोस्टाने आलेला देश

इटलीतले एक गृहस्थ, पेल्लेग्रिनो आर्तुसी. जन्म १८२०, गाव फोर्लिंपोपोली. बाप किराणा आणि औषधी मालाचा व्यापारी. १८५१ च्या जानेवारीत एका कुप्रसिद्ध दरोडेखोराच्या टोळीने गावातल्या नाट्यगृहाचा ताबा घेऊन गाव लुटलं. आर्तुसींचं घरही लुटलं गेलं. त्यांच्या एका बहिणीच्या मनावर त्या रात्रीचा असा आघात झाला, की तिला पुढे मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. कुटुंबाने गाव सोडलं आणि फ्लॉरेन्सला बिऱ्हाड हलवलं. तिथे आर्तुसींनी रेशमाच्या धंद्यात पैसा कमावला.

सत्तरी उलटल्यावर, १८९१ मध्ये, त्यांनी 'स्वयंपाकाचं शास्त्र आणि चांगलं जेवण्याची कला' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक पदरच्या पैशाने छापलं. प्रकाशक मिळाला नव्हता. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. पुस्तक हळूहळू खपायला लागलं आणि वाचकांची पत्रं येऊ लागली. वाचक म्हणजे मुख्यतः गृहिणी. 'आमच्या गावाकडे हे असं करतात' म्हणून त्या आपापल्या कृती पाठवायच्या. आर्तुसी त्या आपल्या स्वयंपाकघरात करून बघत आणि पुढच्या आवृत्तीत घालत. १९११ मध्ये ते वारले तोवर कृतींची संख्या ७९० वर गेली होती.

इटली हा देश म्हणून १८६१ मध्ये जोडला गेला होता. कागदावर एक देश, पण बोली निराळ्या, ताटं निराळी. एका टोकाच्या बाईला दुसऱ्या टोकाला चुलीवर काय आहे याचा पत्ता नाही. त्या बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. त्यांची पत्रं एका म्हाताऱ्या अविवाहित व्यापाऱ्याच्या घरी जमा झाली, आणि तिथून 'इटालियन जेवण' नावाची गोष्ट घराघरांत परत गेली. आज आपण ज्याला इटालियन म्हणतो त्यातला बराच भाग असा पोस्टाने जमलेला आहे.

पण करून कोण बघत होतं? स्वयंपाकी फ्रांचेस्को रुफ्फिल्ली आणि घरकाम पाहणारी मारिएत्ता साबातिनी. आर्तुसींचा मोठेपणा हा, की त्यांनी हे लपवलं नाही. पुस्तकातल्या एका केकला त्यांनी मारिएत्ताचं नाव दिलं, आणि मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क या दोघांच्या नावे केले. फोर्लिंपोपोलीत आज घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचं नावही 'मारिएत्ता' आहे.

ऐकून लिहिलेलं

सगळ्यांच्या वाट्याला आर्तुसी येत नाहीत. अ‍ॅबी फिशर यांचा जन्म १८३० च्या आसपास अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनात, गुलामगिरीत झाला. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या राज्यांत कायद्यानेच बंद होतं. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. काही वर्षांनी फिशर कुटुंब खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला आलं. तिथे अ‍ॅबीबाईंची लोणची आणि मुरंबे प्रदर्शनांत पदकं मिळवू लागले. गावातल्या श्रीमंत बायका मागे लागल्या: पुस्तक लिहा.

त्यांना लिहिता येत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. प्रस्तावनेत त्यांनी हे सरळ सांगितलं आहे. मग त्यांनी तोंडाने सांगितलं आणि दुसऱ्यांनी लिहून घेतलं. १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विमेन्स को-ऑपरेटिव्ह प्रिंटिंग ऑफिसने ते पुस्तक छापलं. नाव, 'व्हॉट मिसेस फिशर नोज अबाउट ओल्ड सदर्न कुकिंग'. मिसेस फिशरना काय ठाऊक आहे! अक्षरओळख नसलेल्या बाईच्या पुस्तकाला यापेक्षा चांगलं नाव मला सुचत नाही.

लिहून घेणाऱ्यांना दक्षिणेतल्या काळ्या लोकांचे उच्चार कळत नसावेत. त्यामुळे पुस्तकात 'जांबालाया' या भाताचं 'जंबर्ली' झालं आहे, आणि मका-शेंगांच्या 'सकोटॅश'चं 'सर्किट हॅश'. वाचताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं, की त्या चुकलेल्या स्पेलिंगमध्ये फिशरबाईंचा आवाज अडकून राहिला आहे. त्या कशा बोलत होत्या याचा एवढाच पुरावा उरला आहे.

पुस्तकाची शेवटची कृती तान्ह्या बाळाच्या पेजेची आहे. तिथे त्या सांगतात, की मला अकरा मुलं झाली, ती सगळी मी या पेजेवर वाढवली, आणि ही दक्षिणेतल्या मळ्यांवरची कृती आहे. मळा म्हणजे जिथे माणसं मालकीची असत ती जागा. एका पाककृतीत एवढा इतिहास.

तेरेझीनची वही

प्रागच्या उत्तरेला तेरेझीन नावाचं जुनं तटबंदीचं गाव आहे. जर्मन नाव थेरेसिएनश्टाट. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. सुमारे १,४०,००० माणसं तिथे आणली गेली. सुमारे ३३,००० तिथेच मेली, भुकेने आणि रोगाने. आणखी सुमारे ८८,००० जणांना तिथून पुढे आउश्वित्झसारख्या छावण्यांत मारायला पाठवलं गेलं.

या जागी रात्री बायका एकमेकींना पाककृती सांगत. पोटात काही नाही, आणि गप्पा डंपलिंगमध्ये लोणी किती घालायचं याच्या. त्यावर वाद होत, रुसवेफुगवे होत. या खेळाला त्यांनी नाव दिलं होतं, 'तोंडाने स्वयंपाक'.

मीना पेख्टर नावाच्या वयस्क बाईंनी आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी यातल्या काही कृती कागदाच्या तुकड्यांवर लिहिल्या आणि हाताने शिवून वही केली. बहुतेक जर्मनमध्ये, थोड्या चेकमध्ये. केक, स्ट्रुडेल, भरलेली अंडी. काही कृतींत एखादं साहित्यच राहून गेलं आहे, काहींत मधली पायरी गळाली आहे. उपाशी मेंदू एवढंच आठवू शकत होता.

मीनाबाईंची मुलगी अ‍ॅनी १९३९ मध्ये आपल्या लहान मुलाला घेऊन पॅलेस्टाइनला निसटली होती. मीनाबाईंनी वही एका मित्राच्या हाती दिली: जगलास तर माझ्या मुलीला दे. १९४४ च्या योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या कडक उपवासाच्या दिवशी, त्या भुकेनेच गेल्या. मित्र जगला, पण त्याच्याकडे मुलीचा पत्ता नव्हता. वही या हातातून त्या हातात फिरत राहिली. दरम्यान अ‍ॅनी न्यूयॉर्कला राहायला गेली होती. १९६९ साली तिथे एक दिवस तिला फोन आला: तुमच्या आईने तुमच्यासाठी एक पुडकं पाठवलं आहे.

पंचवीस वर्षं प्रवास केलेलं ते पुडकं उघडायचा धीर तिला कितीतरी दिवस झाला नाही. १९९६ मध्ये या कृती 'इन मेमरीज किचन' या नावाने इंग्रजीत छापून आल्या. संपादक कारा डी सिल्व्हा, अनुवादक बियांका स्टायनर ब्राउन. बियांकाबाई स्वतः तेरेझीनमध्ये होत्या. राहून गेलेलं साहित्य पुस्तकात कुणी भरून काढलं नाही. कृती जशा होत्या तशा ठेवल्या.

यातला एखादा केक आपण करावा का, यावर आमच्या फ्लॅटवर चांगला तासभर वाद झाला. एकाचं म्हणणं, हे खायचं नसतं, वाचायचं असतं. दुसऱ्याचं म्हणणं, ज्या बाईने मरताना केकची कृती लिहिली तिला तो कुणीतरी करावा असंच वाटत असणार. मला दुसरं पटलं, थोडं बिचकत. वही एका मुलीसाठी होती. तिने ती जगाला वाचायला दिली, म्हणून आपल्याला परवानगी आहे. पण गळालेलं अंडं आपण इंटरनेटवर शोधून घातलं, तर तो मीनाबाईंचा केक उरत नाही, हे माहीत असायला हवं. आणि त्या केकचा फोटो टाकून 'ट्राय केलं, मस्त झालं' असं लिहिता येणार नाही, हे आमचं तिघांचंही एकमताने ठरलं.

एअरमेल आणि वाटी

सगळी पत्रं इतकी जड नसतात. दिल्लीत वाढलेल्या मधुर जाफरी १९५० च्या दशकात नाटक शिकायला लंडनच्या राडा संस्थेत गेल्या. स्वयंपाक येत नव्हता आणि तिथलं जेवण घशाखाली उतरत नव्हतं. त्यांनी आईला कळवलं. आई हिंदीत, एअरमेलने, साध्या साध्या पदार्थांच्या कृती पाठवू लागली. त्या पत्रांवर जाफरीबाई स्वयंपाक शिकल्या. १९७३ मध्ये त्यांचं 'अ‍ॅन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग' आलं, १९८२ मध्ये बीबीसीवर मालिका झाली, आणि इंग्लंडमधल्या कितीतरी घरांनी भारतीय जेवण त्यांच्याकडून शिकून घेतलं. मुळाशी एका आईने एका मुलीला लिहिलेली पत्रं.

मराठीत हे काम १९७० मध्ये आलेल्या 'रुचिरा'ने केलं. कमलाबाई ओगल्यांनी मापासाठी वाटी आणि चमचा घेतला. फार्मरबाईंचा सपाट चमचा, पण आपल्या मांडणीवरचा. लग्नात नव्या नवरीला रुचिरा द्यायची पद्धत पडली. परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत ती जाऊ लागली. जांगबाईंच्या लेकी हाताने नक्कल करत होत्या. मराठी लेकींना छापील नक्कल मिळाली.

इथवर वाचून असं वाटेल, की कागद म्हणजे नुसता दुरावा, आणि खरं शिक्षण चुलीपाशी. मला तसं वाटत नाही. चुलीपाशी कुणाला बसू देत होते? आमच्या घरात मुलग्याला ओट्याजवळ उभं करायची रीत नव्हती. मला स्वयंपाक यायला लागला तो पुस्तकं आणि फोन यांच्यामुळे. नव्या सुनेलाही 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य ऐकल्यावर रुचिराचं पान उघडून दाखवायची सोय झाली. हातातून हातात जाणारी विद्या प्रेमाची असते, पण ती हात निवडून घेते. घर, जात, बाईपण, हे सगळं ओलांडून आत यायचं तर कागदच लागतो.

जे लिहिलंच गेलं नाही

आणि कागदही निवडतोच. आपल्याकडच्या गाजलेल्या पाकपुस्तकांत 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून जे येतं, ते पुष्कळदा मोजक्या जातींचं जेवण असतं. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यांनी त्यात लिहून काढली. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या, रक्ताची रक्ती, कालवणाला घट्टपणा आणि चव देणारा येसूर. तेल-तूप मोजून नव्हे, नसतानाच चालवायचं, अशा घरांतलं जेवण. २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं.

पुस्तकाच्या नावातला एक 'अ' सगळं सांगतो. अन्न पूर्णब्रह्म आहे असं ज्यांच्या ताटात होतं त्यांनी लिहून ठेवलं. ज्यांच्या ताटात अपुरं होतं त्यांची कृती कुणी विचारली नव्हती. यातले काही पदार्थ गरजेतून आले, काही अपमानातून. पुढच्या पिढीने ते सोडले, आणि सोडायला त्यांच्याकडे चांगली कारणं होती. म्हणून नोंद आणखीच महत्त्वाची. पदार्थ मागे पडला तरी तो का होता हे मागे पडू नये. अ‍ॅबी फिशरांच्या पेजेशेजारी मी हे पुस्तक ठेवेन.

रविवारच्या स्वयंपाकाआधी

आज आपल्याकडे पत्राऐवजी व्हिडिओ आहे. तुर्कस्तानातली एखादी आजी कणीक मळताना दिसते. 'घेईल तेवढं' म्हणजे नेमकं किती घट्ट, हे शेवटी डोळ्यांना दिसतं. पाचशे ग्रॅमच्या आकड्यापेक्षा ते कितीतरी खरं आहे, कारण पीठ कोरडं की दमट, हवा पावसाळी की उन्हाळी, यावर आकडा बदलतो आणि कणकेचा घट्टपणा बदलत नाही. हे कळल्यापासून 'मावेल तेवढं' हे मला चुकार माप वाटत नाही. ती उलट जास्त काटेकोर सूचना आहे: आकड्याकडे बघू नकोस, कणकेकडे बघ.

पण व्हिडिओत तो हात आपल्याला दिसतो, त्या हाताला आपण दिसत नाही. मधुर जाफरींच्या आईला माहीत होतं पत्र कोण वाचणार आहे. मीनाबाईंनाही माहीत होतं. व्हिडिओ सगळ्यांसाठी असतो. त्यामुळे परक्या देशातला घरगुती पदार्थ करताना मी आता एक गोष्ट आवर्जून शोधतो. ही कृती पहिल्यांदा कुणी, कुणासाठी लिहिली? दर वेळी सापडतं असं नाही. सापडलं, की पदार्थ तोच राहतो, आपली घाई मात्र कमी होते.

घरच्या कृतींचंही तसंच. आई किंवा आजी फोनवर सांगते, तेव्हा आपण घाईघाईने आकडे विचारतो. वाटी केवढी, शिट्ट्या किती. ते विचाराच. त्याबरोबर 'झालं हे तू कशावरून ओळखतेस?' हेही विचारा. वास बदलतो, तेल सुटतं, उलथन्याला जड लागतं, बुडबुडे बारीक होतात. हे कुठल्याही यादीत सापडत नाही, आणि लिहून ठेवायला एक ओळ पुरते. ती ज्या शब्दात सांगेल त्याच शब्दात लिहा. जंबर्ली तर जंबर्ली.

जांगबाईंच्या वहीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. लेकींनी आईचं ऐकलं. त्या नक्कल करून घेऊन गेल्या असतील, पण मूळ वही कुणी सासरी नेली नाही. जवळजवळ तीनशे वर्षं ती घराण्यातच राहिली, आणि विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती लागली तेव्हा वाचता येण्याइतकी धड होती. त्यातले पदार्थ आता कोरियात लोक पुन्हा करून बघतात. मिरची न घालता.